तीस ट्रॅकचा अभंग आणि पंधरा इंची स्क्रीन: रीपरचा मिक्सर कसा लावावा

अभंगाचं साधंसुधं रेकॉर्डिंग म्हटलं तरी ट्रॅक तिशीला कधी टेकतात कळत नाही. बुवांचा आवाज आणि त्याचे राखून ठेवलेले टेक, मागे म्हणणारी चौघं, हार्मोनियमला दोन माईक, तबला-डग्ग्याला दोन, पखवाजाला दोन, टाळ, चिपळ्या, तानपुरा, स्वरमंडळ, खोलीचा आवाज घेणारे दोन, आणि वर संयोजकांनी घरून करून आणलेले कीबोर्डचे सात-आठ. पंधरा इंची लॅपटॉपवर मिक्सर उघडला की यातले निम्मे चॅनेल स्क्रीनच्या बाहेर. कोणी म्हटलं "टाळ जरा मागे घ्या", की "ट्रॅक १७ की १९" करत शोध सुरू होतो. टाळ सापडेपर्यंत ज्यांनी सांगितलं त्यांचं लक्ष दुसऱ्याच जागेवर गेलेलं असतं आणि मग ते म्हणतात, "राहू दे, बरं वाटतंय." बरं वाटत नसतं. ते कंटाळलेले असतात.

मी मिरजेत एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करते. बहुतेक अभंग, भावगीतं, नाट्यपदं, अधूनमधून शाळांची समूहगीतं. सॉफ्टवेअर रीपर. कोकोस कंपनीचं हे सॉफ्टवेअर ६० दिवस कुठलीही काटछाट न करता वापरून बघता येतं, आणि नंतर घरगुती वापराला किंवा वर्षाची उलाढाल २०,००० डॉलरच्या आत असलेल्या व्यवसायाला परवाना ६० डॉलरचा. आपल्याकडच्या छोट्या स्टुडिओला ते झेपतं. मला आवडतं ते मात्र दुसऱ्याच कारणासाठी. यातला मिक्सर हवा तसा उलगडता येतो, झाकता येतो, मोडून पुन्हा लावता येतो. त्रासही तिथेच आहे. कोरा रीपर तुम्हाला काहीच लावून देत नाही.

मी एक धोरण धरलं आहे. माईक ज्या क्रमाने लागले त्या क्रमाने मिक्सर ठेवायचा नाही. बैठकीत ज्या नावाने हाक येते त्या नावाचे गट करायचे, आणि जे आवाज एकमेकांच्या अंगावर येतात ते शेजारी बसवायचे. पुढचं सगळं यातूनच निघतं.

हाकेची नावं

सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर गट लिहा. अभंगात सूचना येतात त्या अशा: आवाज पुढे घ्या, कोरस दबतोय, पेटी जास्त होतेय, ठेका भरीव करा, टाळ टोचतोय, मागचं म्युझिक कमी करा. म्हणजे गट झाले आवाज, कोरस, पेटी, ठेका, टाळ, कीबोर्ड. यात मी तानपुरा वेगळा काढते. अनेक जण तो कीबोर्डच्या पॅडबरोबर, म्हणजे मागे लांब धरलेल्या सुरांबरोबर, टाकून देतात. मग "मागचं कमी करा" म्हटल्यावर पॅडबरोबर तानपुराही खाली जातो, गाणाऱ्याचा आधार जातो आणि नेमकं काय बिघडलं ते कोणालाच सांगता येत नाही. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या गावात तानपुरे घडतात तिथे बसून मी त्याला पॅडच्या रांगेत बसवणार नाही. अर्थात हे अभिमानाचं झालं. कानाचं कारण वर दिलंच आहे.

टाळाचा स्वतंत्र गट बघून नवशिक्यांना आश्चर्य वाटतं, कारण ट्रॅक एक, फार तर दोन. पण अभंगात सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच. टाळाचा झणत्कार वरच्या पट्ट्यात, साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास, गायकाच्या स-श-च शी भांडतो. शब्द पुसट झाले की लोक म्हणतात "आवाज वाढवा". आवाज वाढवून काही होत नाही. टाळ अर्धा-एक डेसिबल उतरवला की शब्द आपोआप उघडतात. म्हणून टाळ मी आवाजाच्या अगदी शेजारी ठेवते.

तेच डग्गा आणि पखवाजाच्या धूमेचं, म्हणजे डाव्या, खर्जाच्या बाजूचं. दोघांचा घुमारा खाली एकाच जागेत येतो. पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक नुकतीच लावलेली असेल तर विचारूच नका. हे दोन चॅनेल मिक्सरवर एकमेकांना चिकटून असले की एकाला सोलो (बाकी बंद, तो एकटाच), दुसऱ्याला सोलो, दोघं एकत्र, असं पटापट ऐकता येतं. तबल्याच्या फोल्डरात डग्गा पहिल्या टोकाला आणि पखवाजाच्या फोल्डरात धूम शेवटच्या टोकाला असेल, तर ही तुलना तुम्ही करतच नाही. आळस येतो. त्यामुळे माझ्या 'ठेका' गटाचा क्रम असा: तबला, डग्गा, धूम, पखवाजाची शाईची बाजू, चिपळ्या.

नेटवरून उतरवलेली तयार टेम्प्लेटं किक-स्नेअरपासून सुरू होतात. रॉक बँडला ते बरोबर आहे, तिथे मिक्सची उभारणी ड्रमवर होते. आपल्याकडे उभारणी गळ्यावर होते. रीपरमध्ये मास्टर चॅनेल, म्हणजे सगळे ट्रॅक शेवटी जिथे एकत्र येतात तो, मूळ मांडणीत डावीकडे असतो. मी तो तिथेच ठेवते, त्याला लागून आवाज, मग टाळ, तानपुरा, पेटी, ठेका, कोरस, कीबोर्ड, आणि रिव्हर्ब (खोलीची घुमण) व डिले (पडसाद) यांचे परतीचे ट्रॅक उजव्या टोकाला. हात सगळ्यात जास्त जातो तो भाग डावीकडे एकवटतो.

नावं आणि रंग

मिक्सरचा चॅनेल अरुंद असतो, नावाची पहिली पाच-सहा अक्षरंच दिसतात. 'हार्मोनियम माईक १' आणि 'हार्मोनियम माईक २' अशी नावं दिलीत तर दोन्हीकडे 'हार्मो' एवढंच उरतं. फरक सांगणारा शब्द आधी घ्या: 'सूर-पेटी' आणि 'भाता-पेटी'. पहिला स्वरांकडचा माईक, दुसरा भात्याकडचा. आता भात्याची फुसफुस कुठून येतेय हे बघायला विचार करावा लागत नाही. 'गायक टेक ३ फायनल नवीन' असली नावं मिक्सरवर येऊ देऊ नका. टेक ट्रॅकच्या आतच ठेवता येतात, त्यांना मिक्सरवर जागा कशाला.

रीपरमध्ये देवनागरी नावं चालतात, स्क्रीनवर छान दिसतात. तरी जे ट्रॅक दुसऱ्या स्टुडिओत जाणार असतील त्यांना मी रोमन लिपीतच नावं देते. फाइल कुठल्या जुन्या मशीनवर उघडेल आणि तिथे अक्षरांच्या जागी काय चौकोन दिसतील याचा नेम नसतो.

प्रोजेक्टच्या नावात गाण्याच्या मुखड्याबरोबर पट्टी लिहा: काळी एक, पांढरी चार, जी असेल ती. सहा महिन्यांनी गायिका येऊन म्हणते, "त्याच अभंगात एक आलाप टाकायचाय." तेव्हा तानपुरा कशात लावायचा हे फाइलच्या नावावरूनच कळलेलं बरं.

रंगासाठी एसडब्ल्यूएस नावाचं फुकट एक्सटेन्शन आहे. ते टाकलं की रीपरच्या मेनूत 'एक्सटेन्शन्स' येतं, त्यात 'ऑटो कलर/आयकॉन/लेआउट'. तिथे नियम लिहायचा: नावात 'पेटी' असेल तर हा रंग, 'डग्गा' असेल तर तो. ट्रॅकला नाव दिलं की रंग आपोआप बसतो. फोल्डरांसाठी आणि दुसऱ्या ट्रॅकचा आवाज स्वीकारणाऱ्या ट्रॅकांसाठी तयार फिल्टर आहेत, त्यामुळे रिव्हर्बचे ट्रॅक एकदम करडे करून टाकता येतात. रंग पाच-सहाच ठेवा. बारा रंग म्हणजे रंग नसल्यासारखंच.

फोल्डर आणि मागे उरणारा रिव्हर्ब

रीपरमध्ये फोल्डर हा स्वतःच एक ट्रॅक असतो. ट्रॅकच्या पॅनेलवरचं फोल्डरचं चिन्ह दाबलं की तो ट्रॅक फोल्डर होतो, खालचे ट्रॅक त्याच्या पोटात जातात, आणि त्यांचा आवाज आधी फोल्डरमध्ये जमून मग मास्टरकडे जातो. वेगळा बस (अनेक ट्रॅक जमा करणारा चॅनेल) तयार करून रूटिंग, म्हणजे आवाजाच्या वाटा, जोडत बसायला नको. वर लिहिलेला प्रत्येक गट म्हणजे एक फोल्डर. 'ठेका'चा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ) ओढला की पाचही ट्रॅक एकत्र खाली.

इथे एक गाठ बसते, ती नीट समजून घ्या. समजा, कोरसच्या चारही ट्रॅकवरून तुम्ही एका सामाईक रिव्हर्बला सेंड, म्हणजे ट्रॅकच्या आवाजाची जास्तीची वाट, दिले आहेत. सेंड पोस्ट-फेडर आहेत, म्हणजे त्या-त्या ट्रॅकच्या फेडरनंतरचे. आता 'कोरस' फोल्डरचा फेडर पूर्ण खाली ओढा. कोरस जायला हवा. तो जातो, पण त्याचा रिव्हर्ब तसाच वाजत राहतो, कोणीतरी देवळाच्या मागच्या बाजूला उभं राहून गातंय असा. कारण सेंड निघतो तो ट्रॅकच्या फेडरनंतर, फोल्डरच्या फेडरच्या आधी. फोल्डर खाली गेला हे रिव्हर्बला कळतच नाही. पूर्ण बंद करताना हे लगेच ऐकू येतं. घात होतो तो दोन डेसिबल कमी-जास्त करताना: कोरस दोनने उतरवला, रिव्हर्ब तेवढाच राहिला, कोरस ओला आणि लांब झाला, आणि आपण कारण इक्वलायझरमध्ये (आवाजाचा खर्ज-तारपणा कमी-जास्त करणाऱ्या साधनात) शोधत बसतो.

यातून बाहेर पडायच्या तीन वाटा आहेत.

सगळ्यात सोपी, रिव्हर्बचा ट्रॅकच फोल्डरच्या पोटात ठेवा. कोरसचे सेंड त्याच्याकडे जातात, त्याचा आवाज फोल्डरमध्येच परत येतो, फोल्डर खाली ओढला की दोन्ही खाली. कोरस आणि ठेक्यासाठी मी हेच करते. ठेक्याला अगदी छोट्या खोलीचा रिव्हर्ब, तोही तबल्याच्या चाटीलाच, डग्ग्याला जवळजवळ नाही.

दुसरी, सेंड ट्रॅकवरून न देता फोल्डरवरून द्या. सगळ्या गाण्याला एकाच सभागृहात बसवणारा मोठा रिव्हर्ब असतो, त्यासाठी ही वाट चांगली. फोल्डरचा फेडर हलला की सेंडही हलतो. तोटा असा की पोटातल्या ट्रॅकांना वेगवेगळं प्रमाण देता येत नाही. पण सभागृहाचा रिव्हर्ब वाद्यावाद्याला वेगळा कशाला हवा?

तिसरी व्हीसीए, म्हणजे अनेक फेडर दुरून हलवणारा फेडर. ट्रॅक ग्रुपिंगच्या खिडकीत एका रिकाम्या ट्रॅकला 'व्हीसीए लीड' करायचं आणि बाकीच्यांना 'फॉलो'. लीडमधून आवाज जात नाही, तो फक्त फॉलो करणाऱ्यांची पातळी हलवतो, आणि त्यामुळे त्यांचे पोस्ट-फेडर सेंडही बरोबर हलतात. व्हीसीए आणि फोल्डरात आणखी एक फरक आहे आणि तो कामाचा आहे. फोल्डरवर काँप्रेसर (मोठा आवाज दाबणारं साधन) असेल आणि तुम्ही फोल्डरचा फेडर हलवलात, तर काँप्रेसरवर परिणाम नाही, कारण फेडर त्याच्यानंतर येतो. व्हीसीएने पोटातले ट्रॅक हलवलेत तर काँप्रेसरला जाणारा आवाजच बदलतो, तो कमी किंवा जास्त दाबायला लागतो. बसलेला ठेका नुसता एक डेसिबल पुढे हवा असेल तर फोल्डर. गजर चढत जाताना ठेक्याने काँप्रेसरवर जास्त जोर द्यावा, आवाज घट्ट व्हावा असं वाटत असेल तर व्हीसीए.

मला विचाराल तर तीस ट्रॅकच्या अभंगाला एकच व्हीसीए पुरतो: 'गाणं सोडून सगळं'. पेटी, ठेका, टाळ, कोरस, कीबोर्ड या फोल्डरांना फॉलो करून टाका, तानपुरा वगळा. "आवाज पुढे" या सूचनेला हा फेडर पाऊण डेसिबल खाली, हे माझं उत्तर. आवाज वर ढकलत गेलं की मास्टरवर लाल दिवा लागतो आणि मग सगळंच पुन्हा उतरवत बसावं लागतं.

झाकायचं काय, दाखवायचं काय

मिक्सरच्या रिकाम्या जागेवर उजवं क्लिक करा. मोठा मेनू येतो आणि बहुतेक लोक तो एकदा बघून घाबरून बंद करतात. त्यातल्या तीन-चार गोष्टी तेवढ्या बघा. 'शो ट्रॅक्स दॅट आर इन फोल्डर्स'ची खूण काढली की पोटातले सगळे ट्रॅक मिक्सरवरून जातात आणि फक्त फोल्डर उरतात. तीस चॅनेलचे नऊ-दहा होतात आणि पंधरा इंचात आरामात मावतात. 'क्लिकेबल आयकॉन फॉर फोल्डर ट्रॅक्स' ही सोय चालू ठेवली की एखाद्याच फोल्डरच्या चिन्हावर क्लिक करून त्याचं पोट उघडता-मिटता येतं. 'शो एफएक्स इन्सर्ट्स' (चॅनेलवर लावलेले इफेक्ट) आणि 'शो सेंड्स' या दोन्हींच्या मागे 'व्हेन साइझ परमिट्स' असं लिहिलेलं असतं, म्हणजे मिक्सरची खिडकी उंच केल्याशिवाय ते दिसणार नाहीत. "माझ्याकडे सेंड दिसतच नाहीत" म्हणणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा एवढीच असते. दुसरा मॉनिटर असेल तर चॅनेल एकाहून जास्त ओळींत लावायचीही सोय त्याच मेनूत आहे. लॅपटॉपवर तिच्या नादी लागू नका, फेडर नखाएवढे होतात.

एकेक ट्रॅक झाकायचा असेल तर 'व्ह्यू' मेनूतला ट्रॅक मॅनेजर. सगळ्या ट्रॅकांची यादी आणि प्रत्येकापुढे दोन खुणा, एक डावीकडच्या ट्रॅक पॅनेलसाठी, एक मिक्सरसाठी. दोन्ही स्वतंत्र. क्लिक ट्रॅक, संयोजकांचा कच्चा डेमो, न वापरलेले माईक हे ट्रॅक पॅनेलमध्ये राहू देत, मिक्सरवरून काढा. एक काळजी घ्या: झाकलेला ट्रॅक वाजत असतोच. झाकण्याआधी म्यूट करायचं की नाही ते ठरवा. कच्च्या डेमोमधली पेटी खऱ्या पेटीखाली बारीक वाजत राहिली की हार्मोनियम बेसूर वाटायला लागतं आणि बिचाऱ्या वाजवणाऱ्यावर आळ येतो.

टाळाच्या चॅनेलवर मी एक जास्तीची गोष्ट ठेवते. इक्वलायझरमध्ये वरच्या भागाचा शेल्फ (ठरावीक जागेच्या वरचं सगळं एकदम कमी-जास्त करणारा) लावून, त्याच्या गेनची कळ एकदा हलवायची, मग एफएक्सच्या खिडकीतल्या 'पॅरॅम' बटणाखाली 'शो इन ट्रॅक कंट्रोल्स' निवडायचं. ती कळ सरळ चॅनेलवर येऊन बसते. "टोचतोय" म्हटल्यावर खिडकी उघडायची नाही, तीच कळ अर्धा डेसिबल फिरवायची. ही सोय सगळ्या ट्रॅकांना देऊ नका, मिक्सरचं कॉकपिट होतं.

तीन कामं, तीन मांडण्या

रेकॉर्डिंग, एडिटिंग आणि मिक्सिंग या तिन्ही वेळी एकच स्क्रीन चालत नाही. रेकॉर्डिंगला मोठे मीटर आणि आर्मची (ट्रॅक रेकॉर्डिंगला तयार करणारी) बटणं दिसायला हवीत, प्लगइनशी काही देणंघेणं नसतं. एडिटिंगला मिक्सर मुळीच नको, वेव्हफॉर्मला सगळी उंची द्या. मिक्सिंगला मिक्सर वर यावा आणि वेव्हफॉर्मची नुसती एक पट्टी उरावी.

रीपरमध्ये यासाठी स्क्रीनसेट आहेत. खिडक्या हव्या तशा लावायच्या, 'स्क्रीनसेट्स/लेआउट्स'च्या खिडकीत एका क्रमांकावर सेव्ह करायच्या, पुढच्या वेळी बोलवायच्या. पण कुठले ट्रॅक दिसावेत हे वेगळं प्रकरण. त्यासाठी मी एसडब्ल्यूएसचे स्नॅपशॉट वापरते, आणि इथे सावध. स्नॅपशॉट मूळ मांडणीत व्हॉल्यूम, पॅन, सेंड, एफएक्स सगळंच साठवू शकतो. तसाच घेतलेला स्नॅपशॉट तुम्ही 'फक्त दृश्य बदलू' म्हणून परत बोलावलात, तर तासाभराचं मिक्सिंग जुन्या पातळीवर जाऊन बसतं. सेव्ह करण्याआधी फिल्टरमध्ये 'व्हिजिबिलिटी' एवढंच निवडा. आणि नंतर नवा ट्रॅक घेतलात तर जुन्या स्नॅपशॉटला त्याची खबर नसते, पुन्हा सेव्ह करावं लागतं.

मग दोन्ही एका कळीवर आणायचे. कीबोर्डवर प्रश्नचिन्ह दाबलं की अ‍ॅक्शन्सची यादी उघडते. 'न्यू' करून कस्टम अ‍ॅक्शन बनवा, त्यात 'स्क्रीनसेट: लोड विंडो सेट १' आणि 'एसडब्ल्यूएस: रिकॉल स्नॅपशॉट १' अशा दोन ओळी टाका, तिला एक कळ द्या. तीन कामांच्या तीन कळा.

हेडफोनचा मिक्सर वेगळा

रेकॉर्डिंगच्या मांडणीत एक गोष्ट राहून जाते, गाणाऱ्याच्या कानातला मिक्स. तुम्ही काचेच्या अलीकडे पेटी तपासायला म्हणून फेडर हलवता आणि पलीकडे गायकाच्या कानात पेटी नाहीशी होते. त्यासाठी 'कान' नावाचा ट्रॅक करा, त्याचा मास्टर सेंड बंद, हार्डवेअर आउटपुट इंटरफेसच्या (साउंडकार्डाच्या) ३/४ ला. इतर ट्रॅकांवरून त्याला सेंड द्या आणि प्रत्येक सेंडचा प्रकार 'प्री-फेडर (पोस्ट-एफएक्स)' करा. आता मिक्सरवर फेडर कितीही हलवा, कानातलं हलत नाही. ट्रॅकचं रूटिंगचं बटण धरून दुसऱ्या ट्रॅकवर ओढलं की सेंड तयार होतो, तीस वेळा मेनू उघडायची गरज नाही.

बुवा लोकांना कानात बहुधा तानपुरा, स्वतःचा आवाज आणि ठेक्याची सम एवढंच हवं असतं. पेटी जास्त दिली की ते पेटीच्या मागे गायला लागतात. बफर, म्हणजे संगणक एका वेळी जेवढा आवाज हाताळतो तो तुकडा, रेकॉर्डिंगला १२८ सॅम्पल ठेवा. ४८ किलोहर्ट्झला ते आत-बाहेर मिळून सुमारे ५.३ मिलिसेकंद होतात, वर कन्व्हर्टरचा थोडा उशीर, तेवढं गळ्याला जाणवत नाही. मिक्सिंगला बसलात की ५१२ किंवा १०२४ करा, नाहीतर प्लगइन वाढले की आवाज तुटायला लागतो. पातळीचं म्हणाल तर शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवली की पुरे. गजरात सगळे एकदम चढतात तेव्हासाठी ती जागा लागते.

गाणं क्लिकवर नसेल, आणि अभंग बहुधा नसतोच, तर रेकॉर्डिंग चालू असतानाच एम दाबून मार्कर टाकत जा. नंतर वेळेचा भाग निवडून शिफ्ट-आर केलं की रीजन होतो. 'धृपद', 'अंतरा २', 'गजर' अशी नावं द्या. "दुसऱ्या अंतऱ्यानंतरचा तो तोडा ऐकवा" म्हटलं की तिथे थेट उडी मारता येते.

साचा

हे सगळं प्रत्येक गाण्याला करायचं नसतं. फोल्डर, नावं, रंग, रिव्हर्ब, 'कान', व्हीसीए एवढं लावलेला रिकामा प्रोजेक्ट 'फाइल' मेनूतून प्रोजेक्ट टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा. स्नॅपशॉट प्रोजेक्टबरोबरच राहतात, त्यामुळे तेही येतात. मी एकच अवाढव्य टेम्प्लेट ठेवत नाही. एक लहान मूळ टेम्प्लेट, आणि पखवाज किंवा समूहगीताचा कोरस लागला तर तेवढेच फोल्डर 'ट्रॅक टेम्प्लेट' म्हणून वेगळे. नाट्यपदाला ऑर्गन आणि तबला एवढंच असतं, तिथे रिकामे पखवाजाचे चॅनेल कशाला मिरवायचे.

दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर सोयी तिथेही आहेत, फक्त दारं वेगळी. लॉजिकमध्ये ट्रॅक स्टॅक, त्यातला समिंग प्रकार म्हणजे आपला फोल्डर. क्युबेसच्या मिक्सकन्सोलमध्ये चॅनेल झाकण्याची यादी डाव्या बाजूला मिळते, आणि हवे ते चॅनेल डाव्या-उजव्या टोकाला खिळवून ठेवता येतात. ही एक गोष्ट मला रीपरपेक्षा तिथे जास्त आवडते. प्रो टूल्समध्ये फोल्डर ट्रॅक २०२० साली आले. त्यातला 'राउटिंग' प्रकार घ्या, 'बेसिक' प्रकारातून आवाज जातच नाही.

मिक्स झाल्यावर कोणी स्टेम, म्हणजे गटागटाच्या वेगळ्या फाइली, मागितले, कराओके काढायला किंवा नाचाच्या कार्यक्रमाला, तर फोल्डरवार मांडणीचा हिशेब तिथे चुकता होतो. फक्त फोल्डर ट्रॅक निवडायचे, रेंडरच्या (तयार फाइल काढायच्या) खिडकीत सोर्स 'स्टेम्स (सिलेक्टेड ट्रॅक्स)' ठेवायचा, फाइलच्या नावात ट्रॅकच्या नावाचा वाइल्डकार्ड (ज्याच्या जागी नाव आपोआप भरलं जातं ती खूण) टाकायचा. 'ठेका', 'पेटी', 'कोरस' अशा फाइली तयार, आणि पोटातला रिव्हर्ब त्यांच्यासोबतच. मोठ्या सभागृहाचा रिव्हर्ब मात्र बाहेर आहे, त्याचा ट्रॅकही निवडायला विसरू नका, आणि समोरच्याला सांगा की ही फाइल सगळ्यांची मिळून आहे. त्याने आवाज काढून टाकला तरी या फाइलीत आवाजाचा रिव्हर्ब राहील. कराओकेसाठी हवं असेल तर 'आवाज' फोल्डर म्यूट करून ही एकच फाइल पुन्हा काढा. आणि रेंडरमधली टेल, म्हणजे शेवटी घुमण विरायला ठेवलेला वेळ, दोन-तीन सेकंद ठेवा, नाहीतर शेवटच्या 'विठ्ठल'मधला ल अर्धाच येतो.